तुम्ही विचारलंत म्हणून: मेटल गाणाऱ्या मुलीचा गळा टिकतो का?

छत्रपती संभाजीनगर असो, लातूर असो की परभणी, विचारणाऱ्यांचे प्रश्न दोनच असतात. आई विचारते, "लेकीचा गळा जाईल का हो?" मुलगी विचारते, "यात पुढं काही होतं का?" माझ्या लेखी दोन्ही प्रश्न एकच आहेत. आज काढलेला आवाज उद्या संध्याकाळी तसाच काढता आला पाहिजे आणि दहा वर्षांनीही काढता आला पाहिजे. हेवी मेटल, म्हणजे जड गिटार आणि ड्रमचं रॉक, गाणाऱ्या मुलीची सगळी कारकीर्द यावर उभी असते. बाकीचं, म्हणजे पैसे, नाव, प्रवास, त्याच्या मागून येतं.

ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगी जीव तोडून ओरडतेय. प्रत्यक्षात नीट शिकलेल्या गायिकेची ग्राउल, म्हणजे मेटलमधली घोगरी गुरगुर, माईकशिवाय ऐकली तर गप्पांच्या आवाजापेक्षा थोडीच मोठी असते. तिला मोठं करण्याचं काम माईकचं. ज्या क्षणी गायिका ड्रमच्या वर ऐकू जायला गळ्यानं जोर लावते, त्या क्षणी नुकसान सुरू होतं. आपल्या स्वरतंतूंच्या वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते, तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. खालच्या, घोगऱ्या ग्राउलमध्ये खरखर मुख्यतः या घड्यांची असते. याला फॉल्स कॉर्ड म्हणतात. दुसरी पद्धत फ्रायची. सकाळी उठल्या उठल्या आवाज जसा कडकड करत निघतो, तिथून ती सुरू होते आणि पातळ, धारदार किंचाळीकडे जाते. दोन्हींत खरे स्वरतंतू एकमेकांवर आपटायला नकोत, हे पहिलं पथ्य.

सुरुवात श्वासापासून करा. फासळ्या बाजूंनी फुगवा, खांदे वर जाऊ देऊ नका आणि "स्स" असा एकसारखा आवाज २० सेकंद धरा. आवाज थरथरला तर पोटाचा आधार सुटतोय. हे जमल्यावर जड वस्तू उचलताना निघतो तसा हुंकार "हं" काढा, अगदी बोलण्याच्या पट्टीत, आणि त्यातच जबडा सैल सोडून "ओ" करा. खरखर वर, घशाच्या मागच्या बाजूला जाणवली पाहिजे. पहिला महिनाभर दिवसाला १० मिनिटं पुरे, तीही दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत. खोकला आला, गुदगुल्या झाल्या, टोचलं की तिथंच थांबायचं. "थोडं दुखलं की तयार होतो गळा" असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. गळ्याला घट्टे पडतात, आणि ते घट्टे म्हणजेच आजार.

एक चाचणी रोज करा. सराव झाल्यावर पाच मिनिटं गप्प बसा आणि मग वरचा सा अंगाईइतक्या हळू आवाजात लावा. स्वर लगेच लागला तर ठीक. आधी नुसती हवा आली आणि स्वर मागून उगवला, किंवा मोठ्यानं लागतो पण हळू लागत नाही असं झालं, तर स्वरतंतूंना सूज आहे. दुसऱ्या दिवशी ग्राउल बंद. ही हळू आवाजाची चाचणी खोटं बोलत नाही, कारण सुजलेले स्वरतंतू जोर लावल्यावरच हलतात.

मुलीला पुरुषासारखी खोल ग्राउल येईल का, हेही विचारलं जातं. ओठांपासून स्वरतंतूंपर्यंतची पोकळी पुरुषात साधारण १७ सेंटीमीटर असते, बाईत १४ ते १५. पोकळी आखूड म्हणून आवाज थोडा उजळ येतो. ओठ गोल करून पुढं काढले आणि स्वरयंत्र जरा खाली सोडलं की पोकळी लांबते आणि आवाज खोल वाटतो. अँजेला गॉसो ही जर्मन गायिका २००० मध्ये आर्च एनिमी या स्वीडिश बँडमध्ये आली. २००१ मध्ये तिचा त्यांच्यासोबतचा पहिला अल्बम निघाला, तेव्हा नुसतं ऐकून ही बाई आहे हे पुष्कळांना पटलं नव्हतं. तो प्रश्न तेव्हाच निकाली निघाला.

क्लीन, म्हणजे खरखर नसलेल्या साध्या गाण्याचा रियाज मात्र सोडायचा नाही. घरात हार्मोनियम असेल, शास्त्रीय किंवा सुगमची शिकवणी चालू असेल तर ती चालूच ठेवा. बँडमधला सगळ्यात मोठा घोळ पट्टीचा असतो. आपल्याकडच्या मुली बहुधा काळी चार, काळी पाचमध्ये गातात. बँडची पोरं गिटार ड्रॉप सीमध्ये लावतात, म्हणजे सर्वांत जाड तार पांढरी एकला उतरते, आणि गाणंही तिथंच बांधतात. पुरुष गायकाचा कोरस (धृपद) या पट्टीत त्याच्या वरच्या टोकाला जातो म्हणून त्यात धार येते. तोच कोरस मुलीच्या आवाजाच्या मध्यावर पडतो आणि मिळमिळीत लागतो. सप्तक चढवलं तर किंकाळी होते. मग सगळे म्हणतात, आवाजात दम नाही! गाण्याचा मूळ स्वर गिटारच्या तिसऱ्या-चौथ्या फ्रेटवर (दांडीवरच्या घरात) सरकवा. गिटारचा जडपणा जात नाही आणि कोरस मुलीच्या गळ्यात नेमका बसतो. रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) आधी की पट्टी आधी, यावर बँडमध्ये भांडण झालंच तर मुलीनं मागं हटू नये.

मराठीतून लिहीत असाल तर ग्राउलसाठी ट, ड, ग, र ही व्यंजनं आणि आ, ओ हे लांब स्वर सोयीचे. ख, फ, भ, ह यांची गर्दी झाली की हवा भसकन निघून जाते आणि ओळ पुरी होत नाही. अशा ओळी क्लीनमध्ये ठेवा. पोवाडे आणि गोंधळ नीट ऐका. शाहीर श्वास कुठं तोडतो, झीलकरी "जी जी" म्हणतात तेवढ्यात तो हवा कशी भरून घेतो, हे मेटलच्या वेगवान कडव्यांत जसंच्या तसं कामाला येतं. तुळजापूरच्या वाटेवर वाढलेल्या पोरीला हे परदेशी व्हिडिओंत शोधत बसायची गरज नाही.

आता आपल्याकडची हवा. मराठवाड्याचा उन्हाळा ४२ अंशांच्या वर जातो, तोही कोरडा. वर कापसाची नाहीतर रस्त्याची धूळ. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेतून जातं आणि अंगात मुरून मग तिथं पोचतं. म्हणून स्टेजवर घटाघटा पिऊन उपयोग नाही, आदल्या दिवसापासून प्यायला हवं. थेट पोचते ती वाफ. साध्या पाण्याची, १० मिनिटं, बाम न टाकता. मेंथॉलच्या गोळ्या घसा बधिर करतात आणि दुखणं कळू देत नाहीत. ज्येष्ठमधानं बरं वाटतं, सूज उतरत नाही. कार्यक्रमाआधी ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका, स्वरतंतूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. कुणाला ती हृदयासाठी चालू असेल तर बंदही करू नका, डॉक्टरांना विचारा. रात्री अकराला ठेचा-भाकरी खाऊन आडवं झालं की आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज बसलेला असतो. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. पाळीच्या आधीच्या दिवसांत काही जणींच्या स्वरतंतूंना थोडी सूज येते. रेकॉर्डिंगची तारीख ठरवताना तेवढं पाहून घ्या.

आवाज दोन-तीन आठवडे बसलेला राहिला तर काढे करत बसू नका. संभाजीनगरच्या घाटीत, अंबाजोगाईला, लातूरला, नांदेडला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, तिथल्या कान-नाक-घसा विभागात दुर्बिणीनं स्वरतंतू बघून घ्या. गाठी निघाल्या तरी घाबरायचं कारण नाही. बहुतेक वेळा आधी आवाजाची विश्रांती आणि थेरपीच असते, शस्त्रक्रिया क्वचित.

गळा स्टेजवर कमी आणि स्टेजबाहेर जास्त जातो. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबईला जाताना डब्याच्या खडखडाटावर मारलेल्या गप्पा, कार्यक्रमानंतर स्पीकरशेजारी उभं राहून भेटणाऱ्यांशी बोलणं, हे तासाभराच्या ग्राउलपेक्षा महाग पडतं. गोंगाटात आपण नकळत आवाज चढवतो, आणि तो चढतो कसलाही आधार नसताना.

सराव कुठं करायचा? भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून आवाज बाहेर जायचा थांबत नाही. त्यानं खोलीतली वरची घुमणी थोडी कमी होते, बस. जाड वाकळ आणि गाद्या दारा-खिडकीवर लावल्या तर जरा फरक पडतो, कारण आवाज मुख्यतः फटींतून जातो. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे पहिल्याच दिवशी कोणी धावत येणार नाही. स्पीकर लावून सराव असेल तर रात्री १० नंतर बंद, तो कायदा आहे. ड्रमर गावात मिळत नसेल तर ड्रम प्रोग्रॅम करा, गिटारवाला नांदेडचा आणि गायिका बीडची असली तरी फाइली नेटवरून फिरतात. घरच्या रेकॉर्डिंगला दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), एक माईक, बंद हेडफोन पुरे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. ग्राउल दोनदा वेगवेगळी गाऊन एकावर एक लावा, एकाच टेकची नक्कल लावून जाडी येत नाही.

स्टेजवर आपली गाठ मंडपवाल्या साउंडशी पडते. माणूस अनुभवी असतो, पण कीर्तन आणि ऑर्केस्ट्राची सवय असल्यानं एको चालूच असतो. पहिली विनंती: एको बंद. दुसरी: १०० हर्ट्झच्या खालचं कापा. तिसरी: कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं यंत्र) असेल तर त्याचं प्रमाण चारास एक. साउंड चेकला सर्वांत मोठा क्लीन स्वर आणि सर्वांत हळू ग्राउल दोन्ही द्या, नाहीतर तो क्लीनवर गेन (माईकची पातळी) बेततो आणि ग्राउल गायब होते. मग गायिका जोर लावते, आणि पुढचं वर सांगितलंच आहे. माईकची जाळी मुठीत धरायची फॅशन सोडा. श्युअर एसएम५८ सारखा माईक मागून येणारा आवाज टाळतो तो जाळीमागच्या वाटांमुळे, त्या झाकल्या की शिट्टी वाजणारच. मॉनिटर (गायिकेकडे तोंड केलेला स्पीकर) बरोबर माईकच्या शेपटीच्या रेषेत ठेवा. स्वतःचा माईक घ्या. एसएम५८ च्या नकला बाजारात खूप आहेत, अस्सलचं वजन ३०० ग्रॅमच्या आसपास भरतं. खात्रीच्या दुकानातून, बिल घेऊनच घ्या.

आणि हे विसरू नका: जनरेटरवरच्या कार्यक्रमात गिटारचा ॲम्प एका जोडणीवर आणि मिक्सर दुसऱ्या जोडणीवर असला, अर्थिंग नसलं, की गिटार हातात असताना ओठ माईकला लागताच झटका बसतो. कधी कधी जिवावर बेतेल असा. सगळं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या, गाण्याआधी टेस्टर जाळीला लावून बघा, आणि माईकवर फोमची टोपी चढवा. टेस्टर पेटला तर दुरुस्ती होईपर्यंत गायचं नाही, आयोजक कितीही घाई करो.

पोट भरतं का? नुसत्या मेटलवर, मराठवाड्यात राहून, सुरुवातीची कित्येक वर्षं नाही. शिकवण्या, जिंगल, डबिंग, दुसऱ्यांच्या गाण्यांना आवाज, किंवा संध्याकाळ मोकळी ठेवणारी नोकरी, यांतलं काहीतरी सोबत लागतं. त्यात कमीपणा नाही. बाहेर पडायला रस्ते आहेत: नांदेडहून बंगळूरला थेट गाडी आहे आणि बंगळूरला २०१२ पासून बँगलोर ओपन एअर हा मेटलचा महोत्सव भरत आलाय. कानावर पडायला मात्र चांगला लाइव्ह व्हिडिओ लागतो. युक्रेनच्या जिंजर बँडच्या तातियाना श्माय्ल्युकला जगानं ओळखलं ते २०१७ च्या एका लाइव्ह व्हिडिओनं, ज्यात ती क्लीनवरून ग्राउलवर डोळ्यांदेखत जाते. बघणाऱ्याला आवाज खरा आहे हे दिसलं. एका टेकमध्ये, ओठांशी जुळणारा आवाज, एवढं दाखवा. कपड्यांवर नंतर खर्च करा. "मुलीचा बँड" एवढीच जाहिरात करणाऱ्या आयोजकाला गाणी आधी ऐकवा.

आयोजकाकडून निम्मे पैसे आगाऊ, मुक्कामाला आतून कडी लागणारी खोली, सोबत एका माणसाचं तिकीट, मैदानावर स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला जागा, रात्री परतायला गाडी. हे सगळं लेखी, व्हॉट्सॲपवर का होईना. मागायला लाजू नका.

नावाची काळजी पहिल्या गाण्याआधी घ्या. डोरो पेश ही जर्मन गायिका १९८६ मध्ये वॉरलॉक बँड घेऊन इंग्लंडच्या मॉन्स्टर्स ऑफ रॉक महोत्सवात गायली, पण पुढं त्याच नावाच्या हक्काचा वाद झाला आणि १९८९ चा अल्बम तिला "डोरो" या नावानं काढावा लागला. वॉरलॉक हे नाव तिला परत मिळायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. बँडचं नाव ट्रेडमार्कच्या वर्ग ४१ मध्ये (करमणुकीच्या सेवांचा वर्ग) नोंदवता येतं, नोंदणी १० वर्षांची असते आणि पुढं नूतनीकरण होतं. शब्द किंवा चाल तुमची असेल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्या. नुसतं गायलं असेल तरी कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलाकार म्हणून मानधनाचा हक्क आहे, तो "सर्व हक्क दिले" अशा एका ओळीच्या कागदावर सही करून घालवू नका. आणि प्रत्येक गाणं पुरं झालं त्याच आठवड्यात एका पानावर लिहा: शब्द कोणाचे, चाल कोणाची, रिफ कोणाचा, वाटा किती टक्के. सगळ्यांच्या सह्या घ्या आणि एकेक प्रत प्रत्येकाकडे द्या.