तांब्याची तार गेली, 0231 चा नंबर राहिला

घरचा लँडलाईन फायबरवर न्यायचं ठरलं तेव्हा माझी अट एकच होती, नंबर बदलता कामा नये. कोल्हापूरच्या 0231 या कोडच्या पुढचे ते आकडे आईच्या बहिणींना, निपाणीच्या मामांना, गावाकडच्या माणसांना तोंडपाठ आहेत. आई ऐंशीच्या पुढची. मोबाईलच्या काचेवर तिचं बोट भलतीकडेच पडतं, पण बटणांचा फोन ती दिवा न लावताही लावते. दुपारची तिची बोलणी याच फोनवर होतात, आणि ती बंद पडली की तिचा दिवस सरत नाही.

बदलायचं कारण पाऊस. आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. पंचगंगेचं पाणी जामदार क्लबपाशी आलं की आमच्या फोनला खरखर सुरू व्हायची. तांब्याच्या केबलच्या जोडात पाणी शिरलं की दोन तारांमध्ये वीज झिरपते, आवाज बुडतो, शेवटी फोन मुकाच होतो. 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर तर लाईन लवकर सुधारलीच नाही. लाईनमन येऊन पिलरमधली, म्हणजे रस्त्यावरच्या फोनच्या पेटीतली, तारांची जोडी बदलून द्यायचे, पुढच्या पावसात पुन्हा तेच. फायबरमधून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे केबल भिजली तरी ही खरखर होत नाही.

मोबाईलचा नंबर कंपनी बदलली तरी सोबत नेता येतो. लँडलाईनला ती सोय आपल्याकडे नाही. म्हणून दुसऱ्यांच्या स्वस्त योजना बाजूला ठेवल्या आणि आहे त्याच कंपनीत तांब्यावरून फायबरवर जायचं ठरवलं.

जास्त वेळ गेला तो कागदांत. जोडणी वडिलांच्या नावावर होती. ते जाऊन बरीच वर्षं झाली, बिल त्यांच्याच नावाने यायचं आणि आम्ही भरत राहायचो. आधी ती आईच्या नावावर करावी लागली. त्यासाठी मृत्यूचा दाखला, आम्हा भावंडांचं ना-हरकत पत्र, आईचं आधार कार्ड आणि शेवटचं भरलेलं बिल लागलं. काउंटरवरचे गृहस्थ स्वभावाने चांगले, पण त्यांचा सल्ला भलताच होता. "कशाला एवढं करताय? जुनं बंद करा की, नवीन कनेक्शन लगेच मिळतंय." जुनं बंद केलं असतं तर नंबरही गेला असता. मी अर्जातच लिहिलं, 'सध्याचा नंबर कायम ठेवून फायबरवर रूपांतर करून मिळावे', आणि शिक्क्यासह पोच घेतली. ज्यांना नंबर टिकवायचा आहे त्यांनी हे वाक्य लिहून द्यावंच. तोंडी 'होईल हो' यावर विसंबू नये.

फायबर टाकायला दोन पोरं आली. खांबावरून काळी बारीक केबल गच्चीवर, तिथून खिडकीच्या कोपऱ्यातून आत. एकाने केबलचं टोक सोललं. आत केसाएवढा तंतू. तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, एका छोट्या यंत्रात ठेवून टोक सरळ कापलं, मग जोडणीच्या मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवली. पडद्यावर ती जाड दांड्यांसारखी दिसत होती. बारीक ठिणगी पडली आणि दोन्ही एक झाली, जोड शोधूनही दिसेना. प्रकाश किती पोचतोय ते मोजायचं मीटर लावून तो म्हणाला, "मायनस एकोणीस. चांगलं हाय." आईने चहा ठेवला होता. तिला म्हणाला, "मावशी, नंबर हाय त्योच राहतोय बघा, काळजी करू नका."

फायबर घरात मोडेमला जोडली, आणि फोनची तार आता त्या मोडेमच्या 'फोन' लिहिलेल्या खाचेत (पोर्टमध्ये) जाते. आमच्याकडे फोन दोन, एक सोप्यात आणि एक आईच्या खोलीत, दोन्ही जुन्या वायरिंगवर. ती वायरिंग वाया घालवायची नव्हती. आधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी भिंतीवरच्या डबीतून सोडवून टोकांना टेप गुंडाळला, कारण तिच्यावर एक्स्चेंजकडची वीज अजून असू शकते आणि ती मोडेमच्या पोर्टला भिडली तर पोर्ट खराब होऊ शकतो. मग मोडेममधून निघालेली तार त्याच डबीत जोडली. दोन्ही फोन वाजले.

आईच्या खोलीतल्या फोनवर मात्र वेगळाच घोळ. डायल टोन येतोय, समोरून आलेला फोन घेता येतोय, पण इकडून आकडे दाबले तर टोन तुटतच नाही. पोरं तोवर गेली होती. फोन उलटा केला तर बुडाशी एक बारीक खटका, 'पी' आणि 'टी' असा. तो 'पी'वर होता. तशा स्थितीत फोन लाईन तोडून-जोडून आकडे पाठवतो. आमच्या मोडेमला ते कळत नव्हतं, त्याला सूर लागतात. पेनच्या टोकाने खटका 'टी'वर सरकवला आणि फोन लागला. जुन्या चकतीच्या फोनला असा खटका नसतो, त्यामुळे तो अशा मोडेमवर फक्त वाजेल, त्यावरून लावता येणार नाही.

आता विजेचं. तांब्याच्या फोनला एक्स्चेंजमधूनच 48 व्होल्ट यायचे, म्हणून घरात अंधार असला तरी तो चालायचा. मोडेमला घरातली वीज लागते. वीज गेली की फोन गेला, आणि पावसात नेमका तेव्हाच तो हवा असतो. एकटी वयस्कर माणसं असतील त्या घरांनी हे आधी ध्यानात घ्यावं. आम्ही मोडेमपुरता छोटा 12 व्होल्टचा यूपीएस घेतला. घेताना मोडेमच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पियर वाचून घ्यावेत, पिनही जुळवून पाहावी. मग मुद्दाम मेन स्विच बंद करून आईला मावशीला फोन लावायला सांगितला. दोघी निवांत बोलत बसल्या आणि मी पंख्याविना घामाघूम. मोडेम सोप्यातून वरच्या मजल्यावर हलवलाय, पाणी घरात आलं तरी तो कोरडा राहावा म्हणून.

मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावायचा, हा 15 जानेवारी 2021 पासूनचा नियम फायबरवरही तसाच आहे. आमच्या जोडणीवर गावातल्या लँडलाईनलाही 0231 लावावं लागतं, ते आईच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

राहिली जुन्या जोडणीची अनामत. ती नव्या खात्यात वळती करून मागितली, त्यासाठी वेगळा अर्ज लागला. पुढच्या एका बिलात ती वजा होऊन आली.