बाण तोच, चाल वेगळी

नवा मॉनिटर घरी आला की थर्माकोल बाहेर निघतो, स्टँडचे स्क्रू आवळले जातात, पडदा उजळतो, सगळे ‘वा’ म्हणतात आणि बहुतेक घरांत विषय तिथंच संपतो. खोक्यावर 144 हर्ट्झ, म्हणजे पडदा सेकंदाला 144 वेळा चित्र ताजं करू शकतो, असं ठसठशीत छापलेलं असतं. विंडोज मात्र बऱ्याचदा निमूटपणे 60 वरच चालवत असतं. छापलेला आकडा मॉनिटरची ऐपत सांगतो. तो त्या ऐपतीनं राहतोय का, हे बघायला कुणी जात नाही.

सोसायटीत ‘याला कॉम्प्युटरमधलं कळतं’ असा माझा विनाकारण लौकिक असल्यामुळे ही तपासणी माझ्याकडे येते. मी आधी पडद्याकडे बघतच नाही, सीपीयूच्या मागे वाकतो. वरच्या बाजूला मदरबोर्डची एचडीएमआयची खाच असते, खाली आडव्या ओळीत ग्राफिक्स कार्डच्या, म्हणजे चित्रं काढणाऱ्या वेगळ्या पाटीच्या. हात सवयीनं वरच्या खाचेकडे जातो आणि भारी किमतीचं ग्राफिक्स कार्ड खाली बेकार बसून राहतं. मग केबल. जुन्या टीव्हीची एचडीएमआय केबल लागते खरी, पण पडदा 1440पीचा (उभ्यात 1440 ठिपक्यांचा) असेल आणि जोडणी जुन्या 1.4 जातीची, तर 75 हर्ट्झच्या आसपास तिचा दम संपतो. म्हणून मी डिस्प्लेपोर्ट ही मॉनिटरची दुसऱ्या जातीची केबल लावतो. बऱ्याच डिस्प्लेपोर्टच्या टोकाला एक बारीक खटका असतो. काढताना तो दाबायचा असतो, हिसडायचं नसतं. हे दरवेळी सांगावं लागतं.

मग सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले. यादीतून 144 निवडलं की पडदा क्षणभर काळा होतो, घरातल्या कुणाचा तरी जीव वर-खाली होतो, आणि ‘बदल ठेवायचा का’ असं विचारत 15 सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. ‘हो’ म्हणायचं आणि माउस गोल गोल फिरवायचा. मघाशी बाण तुटक ठिपके टाकत उड्या मारत होता. आता ठिपके इतके दाट पडतात की रेघच ओढल्यासारखी वाटते. माझा जीव यातच रमतो. शेजारच्या काकूंनी मात्र चष्मा लावून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, “अरे, आधीही बाणच होता, आताही बाणच आहे.”

काकूंचं अगदीच चूक नाही. सीआरटीच्या, म्हणजे जुन्या पोटफुग्या मॉनिटरच्या जमान्यात 60 हर्ट्झ डोळ्यांना टोचायचं, पडदा फडफडायचा, डोकं धरायचं. सायबर कॅफेतली जाणती पोरं खुर्चीवर बसल्याबसल्या आधी 85 करायची. एलसीडीच्या सपाट पडद्यात मागचा दिवा प्रत्येक चित्रागणिक विझत नाही, त्यामुळे फडफड गेली, आणि तिच्याबरोबर हे सेटिंग बघायची सवयही गेली. दुखायचं थांबल्यावर कोण कशाला बघेल!

एक जागा मात्र उत्साहाच्या भरात बिघडवली जाते: ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांना रंग झटपट बदलायला लावणारं सेटिंग. मॉनिटरच्या मागे बोटानं चाचपून ती इवलीशी दांडी शोधायची, मेन्यूत जायचं, आणि तिथं ‘एक्स्ट्रीम’ दिसलं की पोरं तेच ठोकून देतात. मग सरकत्या अक्षरांमागे फिकट भुतं धावू लागतात. मधली पायरी ठेवावी. सिनेमावाल्यांसाठी 144 चा आणखी एक फायदा आहे. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा. 60 ला 24 नं भाग जात नाही, म्हणून एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा असं दाखवावं लागतं आणि कॅमेरा आडवा फिरला की दृश्य अडखळतं. 144 मध्ये प्रत्येकाच्या वाट्याला सरळ सहा फेऱ्या.

आता 240 चं खूळ आलंय. 60 वर एक चित्र पडद्यावर 16.7 मिलिसेकंद टिकतं, 144 वर 6.9, 240 वर 4.2. म्हणजे पहिल्या उडीत जवळपास दहा मिलिसेकंद कमावले, दुसऱ्या उडीत तीनसुद्धा नाहीत. आणि तेवढ्यासाठी कार्डानं गेममध्ये सेकंदाला 240 चित्रं काढायला हवीत, ती कुठून आणणार? भाच्याला हा सगळा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यानं मान डोलावली, “मामा, पटलं,” म्हणाला आणि 240 चाच मागवला. केबल कुठली येते ते खोकं उघडल्यावर बघू.