तुम्ही विचारलंत म्हणून: डावखुऱ्याची मोठी रायफल, तयार घ्यावी की घडवून?

प्रश्न साधारण असा येतो: "मी डावखुरा. आफ्रिकेत रेड्याच्या शिकारीला जायचं ठरतंय. उजव्या हाताची रायफल चालवून घेऊ, कारखान्याची डावी शोधू, की एकदाच काय ती मनासारखी घडवून घेऊ?" भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर हा प्रश्न उरलेला नाही. विचारणारे असतात ते परदेशात राहणारे, त्यामुळे हिशोबही तिकडचाच.

थोडक्यात सांगायचं तर पहिली मोठी रायफल कारखान्याची डावीच घ्या, आणि .375 (गोळीचा व्यास, इंचात) घ्या. घडवायचीच असेल तर आधी डावी ॲक्शन, म्हणजे काडतूस नळीत भरणारा आणि बाहेर काढणारा बोल्ट ज्यात सरकतो तो मधला भाग, हातात येऊ द्या, काडतूस मग ठरवा. बहुतेक जण उलटं करतात. .416 रिग्बी या काडतुसाच्या प्रेमात पडतात आणि वर्षभर ॲक्शन शोधत बसतात.

पण त्याही आधी डोळा तपासा. लिहिता कोणत्या हाताने, याला इथे फारसं महत्त्व नाही. दोन्ही हात पुढे ताणा, तळव्यांमध्ये रुपयाएवढी फट ठेवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबचा दिवा पाहा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला दिवा फटीतच दिसतो, तो तुमचा नेमाचा डोळा. हात डावा पण डोळा उजवा निघाला आणि नेमबाजी अजून अंगवळणी पडलेली नसेल, तर उजव्या खांद्यावरून शिकून टाका. सगळा बाजार मोकळा होतो आणि पुढचं वाचायची गरजही उरत नाही.

डोळाही डावाच असेल तर उजवी रायफल का नको? टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवून ती डावखुऱ्याला छान चालते, कारण मोकळ्या उजव्या हाताने बोल्ट झटपट ओढता येतो. उभ्याने मात्र उजवा हात रायफल पेलण्यात अडकलेला असतो. डावा हात चापावरून काढून दुर्बिणीवरून पलीकडे न्यावा लागतो, दस्ता खांद्यावरून सुटतो आणि दुसरी गोळी उशिरा जाते. रेड्याच्या बाबतीत दुसऱ्या गोळीसाठीच तर एवढा खटाटोप. शिवाय पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) बाहेर पडायची खिडकी तुमच्या तोंडाकडे येते. पुंगळीचं बूड फाटलं तर गॅस तिथूनच बाहेर येणार.

आता लांबीचं गणित, कारण डावखुऱ्याची अडचण तिथेच आहे. .458 विंचेस्टर मॅग्नम (1956) हे काडतूस 3.34 इंच लांब, ते साध्या .30-06 च्या लांबीच्या ॲक्शनमध्ये बसतं. .375 रुगर (2007) आणि .416 रुगरही तिथेच बसतात. .375 एच अँड एच (1912) 3.60 इंच, आणि .416 रेमिंग्टन व .458 लॉट त्याच मापाचे. .416 रिग्बी (1911) 3.75 इंच, आणि त्याचं बूडही जाड. त्याला खरी मॅग्नम मॉझर, म्हणजे जास्त लांबीची, ॲक्शन लागते. डाव्या हातात साध्या लांबीची ॲक्शन सहज मिळते, 3.60 ची शोधावी लागते, आणि रिग्बीच्या मापाची मिळालीच तर तिच्या किमतीत कारखान्याची अख्खी रायफल आली असती. .416 रेमिंग्टनची 400 ग्रेनची (सुमारे 26 ग्रॅम) गोळी जवळपास रिग्बीच्याच वेगाने, सेकंदाला 2,400 फुटांच्या आसपास जाते. रेड्याला फरक कळत नाही. नावाचा मोह असेल तर गोष्ट वेगळी.

कायद्यालाही .375 पुरते. झिंबाब्वेत हत्ती, पाणघोडा आणि रेड्यासाठी किमान 9.2 मिमी व्यास आणि 5,300 ज्यूल ऊर्जा लागते. .375 एच अँड एचची 300 ग्रेनची गोळी 5,700 च्या घरात जाते.

कारखान्याच्या डाव्यांत रुगर हॉकआय .375 रुगरमध्ये निघाली आहे, आणि माझी पहिली शिफारस तीच. पुंगळी धरून ओढणारा पंजाचा एक्स्ट्रॅक्टर, तीन टप्प्यांचा सेफ्टी, किंमतही आवाक्यातली. खोट एकच: आफ्रिकेतल्या आडगावात .375 एच अँड एच मिळेल, .375 रुगर मिळेलच असं नाही. जुन्या बाजारात विंचेस्टर मॉडेल 70 क्लासिकची डावी .375 एच अँड एच दिसली तर घासाघीस करत बसू नका. ब्लेझर R8 डाव्या हातात मिळते आणि तिचा सरळ ओढायचा बोल्ट जलदही आहे. फक्त तिचा कॉकिंगचा, म्हणजे झाडण्याआधी अंगठ्याने ढकलायचा, खटका हाताला वळण लागेपर्यंत विसरला जातो.

घ्यायच्या आधी रायफल खरंच डावी आहे का ते बघा. कधीकधी उजव्या ॲक्शनला नुसती बोल्टची मूठ डावीकडे लावलेली असते. खिडकी डावीकडे हवी, सेफ्टी डाव्या अंगठ्याखाली हवा आणि बोल्ट सोडायचा खटका उजवीकडे.

स्वस्तात घडवायचा एक रस्ता आहे. .300 विंचेस्टर मॅग्नमची डावी रुगर घ्यायची आणि तिला .458 विंचेस्टरची नळी चढवायची. दोन्ही काडतुसांची कमाल लांबी 3.34 इंच, बुडाचा व्यास .532 इंच, म्हणजे बोल्टचं तोंड आणि मॅगझिन तेच राहतं. कागदावर सोपं वाटतं. पण .300 ला खांदा आहे आणि पुढे अरुंद मान, तर .458 तोंडापर्यंत जवळपास सरळ. मॅगझिनच्या वर काडतूस धरून ठेवणाऱ्या ॲक्शनच्या दोन कडा .300 साठी कापलेल्या असतात, त्या पुढच्या बाजूला रुंद कराव्या लागतात. कमी घासल्या तर काडतूस उशिरा सुटतं आणि गोळीचं नाक नळीकडे जाणाऱ्या उतारावर आपटतं. जास्त घासल्या तर ते पंजाखाली जायच्या आधीच उडी मारतं, आणि घासलेलं लोखंड परत येत नाही. उजवी ॲक्शन बिघडली तर दुसरी मिळते, डावी बिघडली की पुन्हा शोध. म्हणून गनस्मिथला पहिला प्रश्न लाकडाबद्दल विचारू नका. सरळ काडतुसासाठी किती ॲक्शनच्या कडा बसवल्यात, ते विचारा. आणि "नंतर .458 लॉट करून घेऊ" हा बेत सोडा, 3.34 च्या मॅगझिनमध्ये 3.60 मावत नाही. मुळातली लॉट असेल तर मात्र तिच्यात अडीअडचणीला .458 विंचेस्टर चालते.

त्याच खर्चात दस्त्यात मजबुतीचे दोन आडवे बोल्ट आणि नळीखाली दुसरा रिकॉइल लग (धक्का लाकडावर घेणारा ठोकळा) धरा. ॲक्शनच्या शेपटीमागे मिलिमीटरभर फट हवी, नाहीतर मनगटाशी लाकूड चिरतं. गालपट्टी उजव्या बाजूला, आणि दस्त्याच्या बुडाला तीन ते सहा मिलिमीटर डावीकडे वळण. पट्ट्याची कडी नळीवर घ्या. दस्त्यावर असेल तर धक्क्याने पुढच्या हाताची बोटं सोलते. वजन .375 ला चार किलो, .416 ला साडेचार, लॉटला पाचाच्या आसपास. हलकी रायफल फक्त दुकानात आवडते. दुर्बिणीला डोळ्यापासून किमान साडेतीन इंच अंतर हवं, नाहीतर भुवई फुटते.

ताब्यात घेताना शंभर काडतुसं मॅगझिनमधून चढवून बघा, तीही शिकारीला वापरणार तीच, मऊ टोकाच्या गोळीची आणि सॉलिड (न फुलणाऱ्या) गोळीची, दोन्ही. हळू, जोरात, रायफल आडवी धरून. मॅगझिनमधल्या शेवटच्या काडतुसाकडे नीट लक्ष द्या, उडी मारतं ते तेच. मग मॅगझिन भरा, वरची सगळी झाडा आणि तळाचं काडतूस व्हर्नियरने मोजा. धक्क्याने गोळी आत सरकली असेल तर क्रिंप (पुंगळीच्या तोंडाची गोळीवरची पकड) कमी पडलाय. डावा एक्स्ट्रॅक्टर आणि फायरिंग पिनची स्प्रिंग ऑर्डरबरोबरच जास्तीची मागवून ठेवा. उजव्याचा एक्स्ट्रॅक्टर तुमच्या बोल्टला बसत नाही.

आणि सामान विमानात हरवलं, तर कॅम्पवर भाड्याने मिळणारी .375 जवळपास नक्की उजवी असेल. निघण्याआधी कुणाची तरी उजवी मागून घ्या, रायफल तिकाटण्यावर (तीन काठ्यांच्या टेकणावर) ठेवा, डावा हात पकडीवरून न हलवता उजव्या हाताने बोल्ट ओढा, आणि वीसेक गोळ्या झाडून बघा.