मेकअप अंगी लागतो तेव्हा

कोरियन भाषेत मेकअपविषयी एक वाक्प्रयोग सर्रास कानावर पडतो, 'ह्वाजांगि चाल मॉकता'. 'मॉकता' म्हणजे खाणे. आज त्वचेने मेकअप नीट खाल्ला, असा त्याचा शब्दशः अर्थ होतो. पहिल्यांदा ऐकताना मला तो विचित्र वाटला होता. पण आपण खाल्लेले अन्न 'अंगी लागले' असे म्हणतो, ते आठवले आणि त्यातले मर्म ध्यानात आले. मेकअप दिवसभर टिकावा म्हणून आपण बहुतेक वेळा वरून काहीतरी लावण्याचा विचार करतो, म्हणजे जाड फाउंडेशन, भरपूर पावडर आणि शेवटी फवारा. कोरियन बायका मात्र खालच्या त्वचेचा विचार आधी करतात, कारण त्वचाच कोरडी, सोललेली किंवा तेलकट असेल तर वरचे काहीही तिच्या अंगी लागत नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सव्वा वर्ष सोलच्या दक्षिणेला असलेल्या सुवॉन शहरात राहिलो. जानेवारीत बाहेर तापमान शून्याखाली आठ-दहा अंश असे आणि घरात 'ओन्दोल', म्हणजे जमिनीखालून गरम होणारी फरशी, रात्रंदिवस चालू असे. पायांना त्या उबेचे फार सुख वाटे. पण खोलीतली हवा इतकी कोरडी होई की रात्री दोरीवर टाकलेला ओला टॉवेल सकाळी कडक झालेला असे. पुण्यात ज्या फाउंडेशनने मला आठ-नऊ तास साथ दिली होती, तेच तिथे सकाळी अकराच्या आत नाकाच्या दोन्ही बाजूंना पापुद्र्यासारखे उभे राही आणि हसले की ओठांच्या कडेला बारीक भेगा दिसत. शेजारी राहणाऱ्या, माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या असलेल्या बाईंना मी 'ओन्नी', म्हणजे ताई, म्हणत असे. त्यांनी एकदा माझ्याकडे निरखून पाहिले आणि 'त्तुदा' हा एकच शब्द उच्चारला. त्याचा अर्थ तरंगणे. मेकअप त्वचेत न मुरता वर तरंगतो आहे, हे त्यांना दोन हातांवरून दिसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला आपल्या आरशासमोर बसवले. कोमट पाण्याने चेहरा धुतल्यावर टॉवेलने खसाखसा न पुसता त्यांनी तो फक्त टिपून घेतला. मग कापसाच्या पातळ चकत्या टोनरमध्ये, म्हणजे त्वचेला ओलावा देणाऱ्या पाण्यासारख्या द्रवात, चिंब भिजवून माझ्या दोन्ही गालांवर, कपाळावर आणि हनुवटीवर ठेवल्या आणि घड्याळाकडे बोट दाखवले. पाच मिनिटे झाल्यावर चकत्या वाळायच्या आत काढल्या. कारण त्या वाळल्या की त्वचेतले पाणी उलट ओढून घेतात, असे त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावले. नंतर मुगाच्या दाण्याएवढे क्रीम, त्यावर सनस्क्रीन, आणि मग चक्क थांबणे. त्या उठून चहाचे आधण ठेवून आल्या, कप मांडले, आणि साताठ मिनिटांनी परत येऊन माझ्या गालाला बोटाची पाठ लावून पाहिली. बोट चिकटले नाही, तेव्हाच त्यांनी कुशनची, म्हणजे फाउंडेशन भरलेल्या स्पंजची, डबी उघडली. त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता माझा चेहरा सकाळच्यापेक्षा थोडा अधिक तकाकत होता, एवढाच काय तो फरक होता. नाकाजवळ एकही पापुद्रा नव्हता.

या थांबण्याला मी आता सगळ्यात जास्त महत्त्व देते, कारण मेकअप बिघडण्याचे एक मोठे कारण घाई हेच असते. सनस्क्रीनमध्ये असे घटक असतात, जे वाळताना त्वचेवर एक अखंड पातळ पापुद्रा तयार करतात. तो पापुद्रा जमायच्या आत त्यावर फाउंडेशन चोळले की खालचा थर फाटतो आणि बोटाखाली पांढऱ्या-तपकिरी वळ्या सुटू लागतात. अनेक जणी त्याचा दोष उत्पादनाला देऊन डबी फेकून देतात. वास्तविक प्रत्येक थर पातळ असणे, तो जिरू देणे आणि पुढचा थर घासण्याऐवजी थोपटून लावणे, एवढ्या तीन गोष्टी पाळल्या तर बहुतेक वेळा वळ्या सुटत नाहीत. सिलिकोनयुक्त आणि पाण्याचा अंश जास्त असलेली उत्पादने एकमेकांवर नीट बसत नाहीत, हेही खरे आहे. म्हणून नवीन जोडी आधी सुट्टीच्या दिवशी, घरीच लावून पाहावी.

ज्या कुशनचा उल्लेख वर केला, तिची कथा मला फार आवडते. दिवसातून दोन-तीनदा सनस्क्रीन पुन्हा लावणे गरजेचे असते; पण चेहऱ्यावर मेकअप असताना ते लावायचे कसे, हा प्रश्न अमोरेपॅसिफिक कंपनीच्या संशोधकांपुढे होता. वाहनतळावरच्या पावतीवर मारायच्या शिक्क्याची शाईची गादी पाहून एकाला वाट सापडली. शाई गादीत भरलेली असते, पण सांडत नाही, आणि शिक्का मारला की दर वेळी सारख्याच प्रमाणात उमटते. त्याच तत्त्वावर द्रवरूप फाउंडेशन आणि सनस्क्रीन स्पंजमध्ये भरून २००८ साली कंपनीच्या 'आयोपे' या ब्रँडने पहिली एअर कुशन बाजारात आणली आणि काही वर्षांतच युरोपातल्या मोठमोठ्या कंपन्यांनीही तशा डब्या काढल्या. कुशनचा खरा गुण असा की तिच्यातून थोडेच येते. पफ गालावर टेकवून उचलायचा, पुन्हा टेकवायचा, ओढायचा नाही. दुपारी मेकअप ताजा करायचा झाल्यास आधी टिश्यूने तेल टिपून घ्यायचे आणि मगच पफ फिरवायचा. तेलावर थर चढवला तर तो तासाभरात गालावरून सरकतो. आणि पफ दर आठवड्याला साबणाने धुवावा, कारण ओलसर, तेलकट पफ रोज चेहऱ्याला लावणे म्हणजे मुरमांना आमंत्रण आहे.

मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. कुशनच्या डबीवर एसपीएफ ५० (उन्हापासून किती संरक्षण मिळते, ते सांगणारा आकडा) लिहिलेले असले, तरी तो आकडा प्रत्येक चौरस सेंटिमीटर त्वचेवर २ मिलिग्रॅम या प्रमाणात लावून मोजलेला असतो. मेकअप म्हणून आपण त्याच्या कितीतरी कमी लावतो. म्हणून कुशन हे सनस्क्रीनच्या जागी नव्हे, तर सनस्क्रीननंतर लावायचे. खालचे सनस्क्रीन चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके हवेच.

टिकण्याचा हट्ट कुठवर जाऊ शकतो, याचे एक कटू उदाहरण कोरियाच्याच इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिथे 'पाकगाबुन' नावाची पावडर निघाली आणि ती अतोनात लोकप्रिय झाली. ती चेहऱ्यावर छान चिकटून बसे, कारण तिच्यात शिसे होते. रोज वापरणाऱ्या स्त्रियांची कातडी त्या शिशाने खराब झाली, विषबाधेच्या तक्रारी वाढल्या आणि १९३० च्या दशकात तिचे उत्पादन बंद पडले. ही हकिकत वाचल्यापासून 'चोवीस तास टिकणारे' असा दावा असलेले काहीही मी डोळे झाकून घेत नाही.

आता तरुण दिसण्याविषयी. कोरियन भाषेत त्यासाठी 'तोंगान' हा शब्द आहे, त्याचा अर्थ बाळचेहरा. वयापेक्षा लहान दिसणाऱ्या माणसाला तिथे कौतुकाने तसे म्हणतात. या कौतुकाचा दबाव तिथल्या बायकांवर किती असतो, तेही मी जवळून पाहिले आहे आणि तो मला मान्य नाही. चाळिशीतल्या बाईने विशीतली दिसलेच पाहिजे, असे कुठेही लिहिलेले नाही. तरीही त्वचा निरोगी, ओलसर आणि सुखावह वाटावी, यासाठी त्यांनी जे शिस्तबद्ध काम केले आहे, ते शिकण्यासारखे आहे. कोरियात २००० पासून 'कार्यात्मक प्रसाधने' असा वेगळा कायदेशीर वर्ग आहे. सुरकुत्या कमी करणे, रंग उजळणे, उन्हापासून रक्षण असे दावे करायचे असतील, तर उत्पादकाला नेमून दिलेला घटक नेमून दिलेल्या प्रमाणात वापरावा लागतो, नाहीतर स्वतंत्र पुरावा द्यावा लागतो. सुरकुत्यांसाठी अ‍ॅडेनोसिन ०.०४ टक्के आणि उजळपणासाठी नायसिनामाइड २ ते ५ टक्के, हे त्यातले नेहमी दिसणारे दोन घटक आहेत. डबीच्या मागची बारीक अक्षरे वाचायची सवय मला याच आकड्यांनी लावली.

'उजळपणा' या शब्दाविषयी मात्र माझे मन साशंक आहे. तिथला मूळ शब्द 'मिबेक', म्हणजे सुंदर शुभ्र, असा आहे आणि गोऱ्या रंगाचे वेड तिथेही आपल्याइतकेच जुने आहे. मी नायसिनामाइड वापरते ते त्वचेचा बाह्य थर बळकट व्हावा आणि मुरमांचे डाग फिके व्हावेत म्हणून. रंग बदलण्यासाठी नव्हे. कुशनच्या छटांमध्येही हाच पूर्वग्रह दिसतो. तिथे छटा १३, २१, २३ अशा क्रमांकांनी ओळखल्या जातात, आकडा मोठा तशी छटा गडद, आणि अनेक वर्षे दुकानांत बहुतेक तेवढ्याच मिळत. माझ्या गव्हाळ रंगावर २३ क्रमांकही राखेसारखा दिसे. टिरटिर या कंपनीने सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या ग्राहकांनी आवाज उठवल्यावर २०२४ मध्ये आपल्या कुशनच्या छटा तीसपर्यंत आणि पुढेही वाढवल्या, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

पुण्याला परतल्यावर मी एक चूक केली. सुवॉनच्या हिवाळ्यातला सगळा क्रम, म्हणजे टोनर, एसेन्स, सीरम, जाड क्रीम, जसाच्या तसा मे महिन्यात चालू ठेवला. पंधरा दिवसांत कपाळावर बारीक पुटकुळ्या आल्या आणि मेकअप दुपारच्या आत ओघळू लागला. ओन्नींना छायाचित्र पाठवले, तेव्हा त्यांनी विचारले की त्यांच्याकडच्या 'जांगमा'त, म्हणजे जूनअखेरीस सुरू होणाऱ्या पावसाळ्यात, त्या स्वतः काय लावत होत्या ते मी पाहिले नव्हते का. मी पाहिले होते: एक टोनर, एक पातळ जेल आणि सनस्क्रीन. ऋतू बदलला की त्यांच्या बेसिनवरच्या बाटल्या बदलत. त्यानंतर मी मुंबईला जाताना क्रीम लावतच नाही, फक्त जेलवर सनस्क्रीन लावते आणि पावडर नाक, कपाळ व हनुवटी एवढ्यापुरतीच ठेवते. डिसेंबरात महाबळेश्वरला गेले तर तेच जाड क्रीम पुन्हा पिशवीत असते.

घटकांची नावे वाचताना एक गंमतीचे नातेही सापडले. 'सिका' म्हणून जी क्रीमे विकली जातात, त्यातली वनस्पती म्हणजे आपली मंडूकपर्णी, जिला आपल्याकडे कारिवणा असेही म्हणतात. तांदळाचे धुवण आपण बहुतेक वेळा झाडांना घालतो. कोरियन घरांत त्याने चेहरा धुण्याची जुनी चाल आहे. कोरियातल्या जुन्या जोसॉन राजवटीत मुगाच्या पिठाने चेहरा धूत असत, हे कळले तेव्हा दिवाळीच्या पहाटे आजी लावत असलेले उटणे आठवले. कोरियन 'स्सुक', जी शांत करणारी वनस्पती म्हणून अनेक टोनरमध्ये असते, ती जोतिबाला वाहायच्या दवण्याच्याच कुळातली आहे. याचा अर्थ घरचे उटणे आणि बाटलीतले सीरम सारखेच, असा मात्र कुणी काढू नये. बाटलीत घटकाचे प्रमाण ठरलेले असते आणि ते टिकवण्याची व्यवस्था असते. घरच्या वाटीत तसे नसते.

खरेदीविषयी एवढेच सांगते की ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळणाऱ्या 'अस्सल' कोरियन बाटल्यांपासून सावध राहावे. मी एकदा अशीच एक सीरमची बाटली मागवली होती. वास वेगळा, झाकण सैल आणि दुसऱ्याच दिवशी गालांची आग. आपल्या देशात आयात केलेल्या प्रसाधनावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि आयात नोंदणी क्रमांक छापलेला असावा लागतो. त्या बाटलीवर यातले काहीही नव्हते. अस्सल बाटलीदेखील आधी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहावी. गरोदरपणात रेटिनॉल, म्हणजे सुरकुत्यांसाठीच्या क्रीममधला 'अ' जीवनसत्त्वाचा घटक, टाळावे आणि गालांवर वांग असेल तर प्रयोग करत न बसता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, कारण चुकीच्या उत्पादनाने वांग अधिक गडद होतो.

गेल्या डिसेंबरात सांगलीला भाचीचे लग्न होते. मुहूर्त सकाळचा, स्वागतसमारंभ रात्री आणि मधे कपडे बदलायलाच जेमतेम वेळ. तिच्या चेहऱ्याची तयारी आम्ही लग्नाच्या महिनाभर आधी सुरू केली. नवे काही नाही, फक्त रोज रात्री मेकअप आणि सनस्क्रीन तेलाने सोडवून मग सौम्य फेसवॉशने धुणे, साधे क्रीम आणि पुरेशी झोप. लग्नाच्या पहाटे साडेचारला मी तिच्या गालांवर टोनरच्या चकत्या ठेवल्या आणि बाहेर सनईची ध्वनिफीत लागलेली असताना पाच मिनिटे कुणालाही तिच्याशी बोलू दिले नाही. रात्री साडेदहाला, शेवटची पंगत उठल्यावर, मी तिच्या नाकाच्या बाजूला टिश्यू दाबून पाहिला. त्यावर थोडे तेल आले. रंग आला नाही. 'मावशी, आता तरी धुऊ का तोंड?' असे तिने विचारले, आणि मी तेलाची बाटली तिच्या हातात दिली.