काटा आधी सुन्यावर आन

आज १८ मे. २०१७ साली याच दिवशी रीमा लागू गेल्या.

सकाळी आमच्या आत्याबाईंसोबत, म्हणजे सासूबाईंसोबत, राशन आणायला गेली होती. ऊन असं, की चपलेतून पाय पोळत होते. अंगठा लावून झाला. दुकानदारानं काट्यावर रिकामा डबा ठेवला न् सरळ गहू ओतायला लागला. रांगेतल्या आम्ही साऱ्या गप. आत्याबाईंनी पदर खोचला, कमरेवर हात ठेवला अन् म्हणाल्या, "बावा, डब्याचं वजन बी आमीच खाचं का? काटा आधी सुन्यावर आन, मंग टाक गहू." त्यानं आणला. मागच्या बायांनीही मग तसाच मोजून घेतला.

तो कमरेवरचा हात मी ओळखते. 'श्रीमान श्रीमती' मालिकेतली रीमाताईंची कोकी! १९९४ च्या सुमारास गावात एकाच घरी टीव्ही होता, ओसरीवर पोतं टाकून बाया बसत. आत्याबाई तेव्हा नव्या सूनबाई, मोठ्यांसमोर शब्द निघत नव्हता. त्या सांगतात, "ते बाई नवऱ्याले तोंडावर बोले, अन् घरबी तिचंच राहे."

सिनेमात रीमाताई बहुतेकदा सोसणारी, डोळे भरून येणारी आई. टीव्हीवर मात्र 'तू तू मैं मैं'मधली सासू देवकी सुनेला एक शब्द उधार ठेवत नसे, अन् सूनही नाही. आमच्या घरी अजून तसंच चालते. दोघी भांडतो, मग एकाच ताटात जेवतो.

घरी येताना गव्हाचं बोचकं डोक्यावर घेऊन आत्याबाई म्हणाल्या, "लय गोड हासे वं ते बाई."