जुना सी प्रोग्राम, नवा कंपाइलर

पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी वाचून त्यांचा मासिक तक्ता करणारा एक छोटा सी प्रोग्राम मी बरीच वर्षे वापरत आहे. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या 10व्या आवृत्तीवर तो विनातक्रार बिल्ड होत असे, म्हणजे सोर्समधून (लिहिलेल्या कोडमधून) चालणारा प्रोग्राम तयार होत असे. गेल्या महिन्यात संगणकावर डेबियन 13 बसवले, नेहमीप्रमाणे बिल्डची कामे करवून घेणारे मेक चालवले आणि टर्मिनलवरून एररच्या ओळींची रांगच लागली. सोर्समधले एक अक्षरही बदललेले नव्हते. बदलला होता तो कंपाइलर, म्हणजे सी कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम. डेबियन 10 मध्ये जीसीसी या कंपाइलरची 8वी आवृत्ती होती, डेबियन 13 मध्ये जीसीसी 14 आहे, आणि जुन्या सी कोडला जीसीसी वर्षानुवर्षे देत आलेल्या दोन मोठ्या सवलती मधल्या काळात बंद झाल्या आहेत.

अशा वेळी नजर साहजिकच शेवटच्या ओळीवर जाते. तिथे ‘एरर 2’ एवढेच असते, आणि मेकने सुरू केलेले कोणते तरी काम फसले यापलीकडे ती ओळ काहीही सांगत नाही. आठ फायली एकाच वेळी कंपाइल करण्याचा पर्याय दिलेला असेल तर सगळ्या कामांचे संदेशही एकमेकांत मिसळतात. म्हणून मी आधी मेक क्लीनने जुन्या तयार फायली पुसतो, एका वेळी एकच काम चालवतो आणि सगळे आउटपुट टी कमांडने एका फायलीत उतरवून घेतो. हे करताना स्टँडर्ड एरर हा एरर-संदेशांचा वेगळा प्रवाहही त्याच पाइपमध्ये (टीकडे जाणाऱ्या वाटेत) वळवावा लागतो, नाहीतर फायलीत बाकी सर्व येते आणि नेमके एररच येत नाहीत. मग त्या फायलीत वरून शोधत पहिला एरर गाठायचा आणि तो सुटेपर्यंत खालच्यांकडे पाहायचे नाही, कारण खालचे बरेचसे त्याच्याच पोटी जन्मलेले असतात.

माझा पहिला एरर साधा होता: कर्सेस या लायब्ररीची (तयार फंक्शनांच्या संचाची) कर्सेस डॉट एच ही हेडर, म्हणजे तिच्या फंक्शनांची ओळख कंपाइलरला करून देणारी फाइल, सापडत नव्हती. लायब्ररी बसवलेली असली तरी तिच्या हेडर फायली डेबियनमध्ये ‘डेव्ह’ने संपणाऱ्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. कोणती हेडर कोणत्या पॅकेजमध्ये आहे, हे एपीटी-फाइल ही कमांड सांगते.

दुसऱ्या एररने मात्र मला थांबवले. तारीख वाचणाऱ्या एसटीआरपीटाइम या फंक्शनचे ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन’ झाले आहे, म्हणजे ते जाहीर न करताच वापरले आहे, असे कंपाइलर म्हणत होता. पण टाइम डॉट एच तर फायलीच्या पहिल्याच ओळीत होती. उत्तर त्या फंक्शनच्या मॅन पानावर, म्हणजे प्रणालीसोबतच्या माहितीपुस्तिकेत, मिळाले. एक्सओपन सोर्स हा मॅक्रो (कोडमध्ये किंमत ठरवून दिलेले नाव) आधी डिफाइन केलेला नसेल तर ती हेडर हे फंक्शन जाहीरच करत नाही. तो 700 या किमतीसह हेडर आत घेणाऱ्या सर्व इन्क्लूड ओळींच्या वर लिहिला आणि एरर गेला. जाहीर न केलेले फंक्शन वापरण्याची मुभा सी भाषेच्या 1999 च्या मानकातूनच काढली गेली होती, तरी जीसीसी इतकी वर्षे केवळ वॉर्निंग देत राहिला. मे 2024 मध्ये आलेल्या 14व्या आवृत्तीने त्याचा एरर केला. हा कडकपणा मला मनापासून योग्य वाटतो. डिक्लरेशन नसेल तर कंपाइलर फंक्शनचे उत्तर इंट (32 बिटांचा पूर्णांक) आहे असे धरून चालतो, म्हणजे एसटीआरपीटाइम देते तशा 64 बिटांच्या पॉइंटरचे (मेमरीतल्या पत्त्याचे) वरचे 32 बिट हरवतात. माझ्या प्रोग्रामात ते उत्तर शून्य आहे की नाही एवढेच तपासले जात होते, म्हणून इतकी वर्षे निभावले. तो पॉइंटर पुढे वापरला असता तर प्रोग्राम कोसळला असता. एफ-परमिसिव्ह हा पर्याय देऊन अशा एररची पुन्हा वॉर्निंग करता येते, पण त्याने पॉइंटर काही दुरुस्त होत नाही.

यानंतर सर्व फायली कंपाइल झाल्या आणि त्या जोडून एक प्रोग्राम करणारा लिंकर बोलू लागला: ‘मल्टिपल डेफिनिशन’, एकाच व्हेरिएबलसाठी चार वेळा. पर्जन्यमापकांची संख्या ठेवणारे ते व्हेरिएबल हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ (खरी व्याख्या दुसरीकडे आहे, असे सांगणारा शब्द) न लावता लिहिलेले होते आणि ती हेडर पाच सी फायलींत येत होती. पहिली व्याख्या लिंकरने मान्य केली, उरलेल्या चारांवर हरकत घेतली. आकडा असा जुळला की निदानाबद्दल शंका राहत नाही. मे 2020 मधील जीसीसी 10 च्या आधी अशी व्हेरिएबल ‘कॉमन’ म्हणून ठेवली जात आणि लिंकर ती मुकाट्याने एक करून टाकी. त्यात धोका असा की दोन फायलींत वेगवेगळ्या कामांसाठी योगायोगाने एकच नाव पडले असेल तर दोन्ही एकाच जागेत लिहू लागतात आणि कोणीही हरकत घेत नाही. एफ-कॉमन पर्यायाने जुनी वागणूक परत मिळते. दुसऱ्याचे मोठे सोर्स तातडीने बिल्ड करायचे असेल तेव्हा मीही तो वापरतो. इथे सोर्स माझ्या हाताशी होते, म्हणून हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ लावले आणि खरी व्याख्या एकाच सी फायलीत ठेवली.

बिल्ड पूर्ण झाल्यावर गेल्या जुलैच्या नोंदी नव्या प्रोग्रामला दिल्या आणि निघालेला तक्ता जुन्या संगणकावरून जपून आणलेल्या तक्त्याशी डिफ या फक्त फरक छापणाऱ्या कमांडने ताडून पाहिला. डिफने एकही ओळ छापली नाही.