ईगलनेस्ट ते सेला : एकाच उंचीवरची दोन जंगले

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे तेजपूरहून निघालो आणि भालुकपोंगच्या नाक्यावर इनर लाइन परमिट दाखवून अरुणाचल प्रदेशात शिरलो. या रस्त्यावरचे बहुतेक पर्यटक थेट तवांग गाठण्याच्या घाईत असतात. आम्ही मात्र टेंगा खोऱ्यातून वळून आधी ईगलनेस्ट अभयारण्यात चार दिवस काढले, आणि ते काढले नसते तर पुढचे पर्वत आम्हांला निम्मेच कळले असते, असे आज वाटते.

पहिला मुक्काम लामा कॅम्पचा होता. त्याची उंची सुमारे २,३५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून सातशे मीटरने अधिक. येथेच बुगुन लिओसिक्ला हा चिमुकला पक्षी सापडला. पुण्यात काम केलेले खगोलशास्त्रज्ञ रमण आत्रेय यांनी २००६ साली जगाला त्याची ओळख करून दिली आणि येथल्या बुगुन लोकांचे नाव त्याला दिले. पक्ष्यांची संख्या इतकी थोडी होती की नमुन्यासाठी एकही न मारता केवळ छायाचित्रे, नोंदी आणि गळालेली पिसे यांच्या आधारे त्यांनी वर्णन सिद्ध केले. आम्हांला तो दोन सकाळी वाट पाहूनही दिसला नाही. त्याची शीळ ऐकल्याचे आमच्या बुगुन वाटाड्याने सांगितले, तेवढ्यावर समाधान मानले.

पुढे २,८०० मीटरच्या आसपास असलेली ईगलनेस्ट खिंड ओलांडून कच्चा रस्ता दक्षिणेकडे उतरू लागतो आणि खरे पर्जन्यवन तेथून उलगडत जाते. खिंडीजवळ फुललेले ऱ्होडोडेंड्रॉन होते. बोंपूपाशी बांबू दाट झाला, आणि रस्त्याच्या मधोमध हत्तीची ताजी लीद दिसल्यावर वाटाड्याने आमचे बोलणे बंद करवले. सुमारे १,२५० मीटरवरच्या सेस्नीला पोचलो तोवर झाडांचे शेंडे दिसेनासे झाले होते. प्रत्येक खोडावर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांच्या बेचक्यात आमरी, आणि या सगळ्यातून पाऊस थांबल्यानंतरही तासभर गळत राहणारे पाणी. डोक्यावरून तांबड्या मानेच्या धनेशांची जोडी गेली. दिसण्याआधीच तिच्या पंखांचा घरघराट कानांवर आला होता. जळवांविषयी मात्र कितीही सांगितले तरी कमीच. मोज्यांना तंबाखूचे पाणी लावले, मीठ चोळले, आणि तरीही रात्री कंदिलाच्या उजेडात प्रत्येकाने आपापल्या पोटऱ्यांवरून पाच-सहा उपटून काढल्या.

विषुववृत्तापासून इतक्या उत्तरेला असे अरण्य का असावे, याचे उत्तर परतताना त्याच खिंडीत मिळाले. बंगालच्या उपसागरावरून ब्रह्मपुत्रेच्या मैदानात आलेल्या बाष्पाला पहिली भिंत आडवी येते ती याच रांगेची. आमच्या पाठीमागे दक्षिण उतारावर ढग दाटलेले होते आणि समोर उत्तरेला टेंगा खोऱ्यात स्वच्छ ऊन पडले होते. महाबळेश्वरच्या पावसातून पसरणी घाट उतरून वाईत आलेल्या माणसाला हा चमत्कार नवा नाही. येथे तो कितीतरी मोठ्या मापाने घडतो.

त्याचा पुरावा दिरांगला मिळाला. बोमडिला ओलांडून आलेले हे खोरे सुमारे १,५०० मीटरवर, म्हणजे सेस्नी आणि बोंपू यांच्या मधल्याच उंचीवर आहे. परंतु येथे शेवाळाने लपेटलेली खोडे नव्हती, तर कोरड्या उतारांवर उभे असलेले पाईन वृक्ष आणि मोनपा लोकांची दगडी घरे होती. जंगल उंचीने ठरते असे मी आजवर मानत आलो होतो. वारा कोणत्या बाजूने येतो, हे आधी विचारायला हवे होते.

दिरांगहून सेला खिंडीचा चढ सुरू झाला. २०२४ साली सेला बोगदा खुला झाल्यापासून बऱ्याच गाड्या खिंड टाळतात आणि आमच्या चालकाचाही तसाच विचार होता. आम्ही हट्टाने जुनाच रस्ता धरला, याचा मला मुळीच पश्चात्ताप नाही. पाईन संपले, फर आले, मग फरही खुरटत जाऊन गुडघ्याएवढी झुडपे उरली, आणि ४,१७० मीटरवर नुसते खडक, बर्फ आणि अर्धवट गोठलेले तळे. गाडीतून उतरून वीस पावले चाललो तोच धाप लागली, कारण तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो.

चहाच्या टपरीत बुटांचे बंद सैल केले, तेव्हा मोज्याच्या घडीत सेस्नीची एक जळू वाळून चिकटलेली सापडली. चालकाने ती काडीने उचलून निरखून पाहिली, बाहेर बर्फात टाकली आणि बोगद्यातून आलो असतो तर एव्हाना पुढच्या जंग गावी पोचलो असतो, असे पुन्हा एकदा ऐकवले.